हात काही सांगेना

तंत्रनिकेतनात तिला सगळे अर्थिंगताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे अर्थिंगताई. तिला ते ठाऊक होतं. एकदा मुलींच्या घोळक्यामागून चालताना "आज अर्थिंगताईचा पारा उतरलेला दिसतोय" असं कानावर आलं, तेव्हा ती मागूनच म्हणाली, "उतरलाय, पण प्लगच्या पिना तपासेपर्यंतच." मुली अशा दचकल्या की एकीच्या हातातला डबा खाली पडून व्हरांडाभर घरंगळत गेला, आणि मग सगळ्यांत मोठ्यानं ताईच हसली.

तळमजल्यावरच्या व्हरांड्याच्या टोकाची प्रयोगशाळा तिच्या ताब्यात होती. म्हणजे कागदोपत्री ती विभागप्रमुखांच्या ताब्यात होती, पण सरांना दिव्याचं बटण कुठलं आणि पंख्याचं कुठलं हेही विचारावं लागे. लांबट टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर पत्र्याची एकेक राखाडी पेटी. पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज आत घ्यायची, तिचं मागेपुढे धावणं थांबवायचं आणि हवी तेवढीच, एका दिशेनं बाहेर सोडायची, एवढंच त्या पेटीचं काम. पुढच्या बाजूला फिरवायचं बटण, काट्याची तबकडी, आणि खाली ओळीनं तीन खुंट्या: लाल, काळी, हिरवी.

नव्या तुकडीचा पहिला तास सरांचा असे, पण त्यातला पहिला अर्धा वेळ ताई बोले.

"लाल आणि काळी, ह्या दोघींचं आपसात देणंघेणं. हिरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती पेटीच्या पत्र्याला बांधलेली आणि मागच्या तारेतून, प्लगच्या तिसऱ्या पिनेवाटे थेट जमिनीला. हेच अर्थिंग. घरात एखादी आत्या असते बघा, तिला जेवलीस का म्हणून कुणी विचारत नाही. पण भांडण पेटलं की सगळे तिच्याकडे धावतात. ती ही."

"ताई, मग काळी हिरवीला जोडायची की नाही?" कुणीतरी विचारीच.

"प्रयोगाला गरज असेल तर जोड. पण एकाच ठिकाणी. दोन सप्लाय एकापुढे एक जोडलेस आणि दोन्हीकडे काळी हिरवीला जोडलीस, तर पहिल्याची लाल सरळ जमिनीत गेली समज. मग धूर निघाला की माझ्याकडे बघू नका."

तिसरी पीन कापून, दोन भोकांच्या सॉकेटात प्लग खुपसणारा कुणी सापडला, की मात्र तिची चेष्टामस्करी संपे. काट्याची थरथर थांबते, आकडा स्वच्छ येतो, म्हणून हुशार मुलंच हे करत. "आकडा स्वच्छ येतो, हो ना? माणूस मेला की तोही हलत नाही," असं म्हणून ती तो प्लग सगळ्यांसमोर कैचीनं कापून टाकी.

या तिसऱ्या पिनेपायी तिनं अर्धं आयुष्य घालवलं होतं. ती कामाला लागली तेव्हा प्रयोगशाळेचं अर्थिंग नावालाच होतं. हवेत ओल आली की पेट्यांच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण येई. ती अर्ज करी, अर्ज कुठंतरी जाऊन बसे. "एवढीशी झिणझिण, ताई. आमच्या गुडघ्यात याहून जास्त येते," त्या वेळचे सर म्हणत. शेवटी कुठल्याशा तपासणीला आलेल्या पाहुण्यांनाच ती झिणझिण बसली आणि खड्डा मंजूर झाला. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीलगत माणूसभर खोल खड्डा खणला, तांब्याची प्लेट उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, आणि तिथून तांब्याची पट्टी भिंतीतून आत, फरशीखालून मुख्य बोर्डापर्यंत आणली. घरचं कार्य असल्यासारखी ताई दिवसभर तिथं उभी होती. खणणाऱ्यांना पाणी दिलं, वायरमनला दहा सूचना केल्या.

"ताई, आता तूच खड्ड्यात उतर आणि पट्टी धरून बस, म्हणजे तुझं समाधान होईल," वायरमन म्हणाला होता. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले. वयानं तो थोडा धाकटा, आणि तिला एकेरीत बोलायचा हक्क त्यानं केव्हाच मिळवला होता.

त्या संध्याकाळी तिनं सगळ्या पेट्या चालू केल्या आणि त्यांच्यावरून बोटांची पाठ फिरवत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत काही नाही. नुसता गार पत्रा. नशिबानं तिच्या पदरात फारसं काही टाकलं नव्हतं, पण ही एक गोष्ट तिनं भांडून मिळवली होती.

तेव्हापासून रोज सकाळी मुलं येण्याआधी ती ही फेरी मारी. बोटांची पाठ, तळवा नाही. झटका बसला तर मूठ मिटते, आणि तळवा लावला असेल तर ती पेटीवरच मिटते. उन्हाळ्यात खड्ड्यातली ओल टिकावी म्हणून ती स्वतः बादलीनं त्यात पाणी ओती. वर्षातून एकदा वायरमन यंत्र आणून अर्थिंग मोजून जाई. एका वर्षी ते यंत्र बिघडलं होतं. "पुढच्या महिन्यात आणतो," तो म्हणाला. ताई म्हणाली, "राहू दे रे. यंत्राला काय कळतंय? माझा हात सांगतो ना." पुढच्या वर्षी त्यानं विचारलं नाही आणि हिनं आठवण केली नाही. हात रोज सांगत होता, सगळं ठीक आहे.

*

तिचा नवरा शिंपी. दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत त्याचं मशीन, कापायचं टेबल आणि खुंटीला टांगलेले अर्धवट सदरे. मागच्या खोलीत संसार. मूलबाळ नव्हतं. त्यावरून जे काय बोलायचं ते नातेवाईकांनी बोलून संपवलं होतं, आणि आता त्या दोघांना जेवणापासून झोपेपर्यंतची शांतता आवडायला लागली होती. तो मशीन चालवी, ती समोर बसून काजं करी, बटणं लावी. त्याचा हात भरभर चाले आणि तिचा सफाईनं. गिऱ्हाईकं म्हणत, शिवण मास्तरांची, पण बटण बाईंचं.

साखर तिला बरीच वर्षं होती. गोळ्या ती आठवेल तशा घेई. एकदा सकाळी ती अंगण ओलांडून प्रयोगशाळेत आली आणि मुली एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. तिनं खाली पाहिलं. एका पायात चप्पल नव्हती. फाटकाजवळ कुठंतरी निसटली असावी. खडीवरून ती अनवाणी चालत आली होती.

"सिंड्रेला," एकजण पुटपुटली.

"चप्पल घेऊन राजपुत्र आलाच तर बसवून ठेव," ताई म्हणाली, "मी आलेच." आणि चप्पल शोधायला गेली. हसण्यात वेळ गेला. खडी पायाला टोचली कशी नाही, हे विचारायचं राहून गेलं.

नवऱ्यानं मात्र एक गोष्ट पाहिली. एका संध्याकाळी पांढऱ्या सदऱ्याच्या पट्टीवर लाल ठिपका दिसला. मग दुसरा. त्यानं मशीन थांबवलं.

"अगं, बोटात सुई गेलीय."

"कुणाच्या?"

"तुझ्या. बघ ना."

तिनं हात वर धरला. तर्जनीच्या टोकात सुई सरळ उभी होती.

"तुमच्या सुयाच बोथट," ती म्हणाली, "माणसाला कळतसुद्धा नाही." आणि सुई ओढून काढली.

तो हसला नाही. सदरा पाण्यात भिजत घातला. दुसऱ्या दिवसापासून तो बटणं लावायचं काम तिच्यापुढे ठेवीनासा झाला. "गिऱ्हाईक घाईत होतं, मीच उरकलं," असं काहीबाही सांगे. तिला वाटलं, धंदा मंदावलाय आणि लपवतायत. बिचाऱ्याला बरं वाटावं म्हणून तिनंही खोदून विचारलं नाही.

*

त्या वर्षी पहिल्या वर्षाच्या तुकडीत एक चष्मेवाली मुलगी होती. सारखे प्रश्न विचारणारी, पण दबकत. तिनं एकदा टेबलावरूनच हाक मारली.

"ताई, या पेटीला हात लावला की कसंतरी होतंय."

"कसंतरी म्हणजे?"

"म्हणजे... मुंग्या चावल्यासारखं."

ताई गेली. बोटांची पाठ पत्र्यावरून फिरवली, मग पुन्हा. शेजारच्या पेटीवरूनही फिरवली.

"काही नाहीये. सकाळी खाऊन आलीस का?"

"हो."

"मग भ्रम असेल. पहिल्या वर्षी सगळ्यांना विजेची भीती वाटते. ह्या प्रयोगशाळेत काही येणार नाही, मी इथं अर्थिंगपायी म्हातारी झाले." आजूबाजूच्या मुली हसल्या. चष्मेवालीनं मान खाली घालून तारा जोडायला घेतल्या. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "येतंय पण, ताई."

"पोरी, तुझ्या हातावर विश्वास ठेवू की माझ्या?"

असं म्हणून ती वळली, तेवढ्यात मागून आवाज आला. त्या वर्षी नव्या लागलेल्या तरुण मॅडम पलीकडच्या टेबलाशी होत्या. टेबलालगतच्या बेसिनवर त्यांनी नुकतेच हात धुतले होते, आणि एका हातानं नळ बंद करता करता दुसऱ्यानं त्यांनी टेबलावरची पेटी सरकवली. त्या किंचाळल्या नाहीत. घशातून एक तुटका आवाज काढून त्या मागे फेकल्या गेल्या आणि कोपरावर आपटल्या.

ताईनं धावत जाऊन मुख्य बटण खाली ओढलं. पंखे थांबले. मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

मॅडमना फार लागलं नव्हतं. कोपर सुजलं, ओठ पांढरे पडले होते. पाणी प्यायल्यावर पहिलं वाक्य त्या म्हणाल्या ते ताईला उद्देशून होतं. ओरडून नव्हे, खरंच न कळून त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही आत्ताच तपासलं होतं ना?"

वायरमन आला. दिवा पेटणारा टेस्टर त्यानं एकेका पेटीला टेकवला. सगळीकडे पेटला. टोकाच्या एका पेटीत आतल्या तारेचं वेष्टण घासून तार पत्र्याला टेकली होती.

"रोग एकीचा," तो म्हणाला, "पण सगळ्यांच्या हिरव्या तारा एकमेकींना जोडलेल्या, म्हणून सगळ्यांना लागला. आणि जमिनीत जायचं ते जात का नाहीये?"

हे तो स्वतःशीच बोलला आणि बाहेर जाऊन खड्ड्यापासून पट्टीच्या मागावर निघाला. भिंतीपर्यंत पट्टी शाबूत होती. आत बेसिनखालची फरशी उचकटली, तेव्हा उत्तर सापडलं. बेसिन बसवताना नळाच्या आड येत होती म्हणून पट्टी कुणीतरी कापली होती. कापणाऱ्यानं दोन्ही टोकं नीट वळवून ठेवली होती, कुणाला लागू नयेत म्हणून.

ताई गुडघ्यांवर बसून त्या दोन टोकांकडे पाहत राहिली. मध्ये जेमतेम वीतभर अंतर.

"बेसिन कधी बसलं रे?"

"मला काय आठवतंय? झाली असतील बरीच वर्षं. ते मोजायचं यंत्र बिघडलं, त्याच सुमारास की." मग त्याला तिचा चेहरा दिसला. "ताई, तुझा काय दोष यात? नळवाल्याचा दोष."

"पण आज एवढ्या वर्षांत मला एकदाही..." ती थांबली.

टोकाची पेटी बिघडली अलीकडे, पण बाकीच्यांची झिणझिण तर पट्टी कापल्यापासूनच यायला हवी होती. ती पुढच्या उन्हाळ्यात, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कशालाच न जोडलेल्या खड्ड्यात बादल्या ओतत आली होती. सकाळी बोटं फिरवून "शांत आहेत" म्हणत आली होती. आणि मग एकामागून एक चेहरे आठवायला लागले. थंडीत एक उंच मुलगी म्हणाली होती, ताई, झिणझिणतंय. तिला सांगितलं, हात गारठलेत. मग चित्रं काढणारं एक पोरगं. त्याला सांगितलं, जागरण कमी कर. आणखीही असतील. प्रत्येकाला काहीतरी सांगितलं होतं. प्रत्येकानं मान डोलावून तिचं ऐकलं होतं.

पट्टी त्याच दुपारी जोडली गेली. तुकडा टाकून, वितळवून, पक्की.

*

घरी गेल्यावर ती मागच्या खोलीत न जाता मशीनसमोरच्या स्टुलावर बसली.

"अहो, तुमच्याकडच्या टाचण्या द्या."

त्यानं उशीसकट टाचण्या पुढे केल्या.

"मी डोळे मिटते. टोचा, आणि कुठल्या बोटाला ते मी सांगते."

"हे काय खूळ?"

"टोचा म्हटलं ना."

तिनं डोळे मिटून दोन्ही हात टेबलावर ठेवले. खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता, रस्त्यावरून कुणी हातगाडी ढकलत नेत होतं. ती वाट पाहत राहिली.

"अहो, टोचा की."

तिनं डोळे उघडले. तिच्या एका हाताच्या पाची बोटांवर रक्ताचे बारीक मणी आले होते, आणि त्यानं टाचणी खाली ठेवून स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"सदऱ्यावर डाग पडायला लागले तेव्हापासून. म्हटलं, आपणहून कळेल तुला."

"मला कोण सांगणार होतं? सांगायचं काम होतं ते हातांचंच."

"मला वाटलं, बटणांचंच काम आहे, मी करीन. तिकडं तू हातानं काय करतेस, मला काय माहीत, गं?"

आणि ते खरं होतं. तिनं घरी इतकी वर्षं प्रयोगशाळेच्या गोष्टी सांगितल्या, मुलांच्या, सरांच्या. पण सकाळच्या त्या फेरीबद्दल, बोटांच्या पाठीबद्दल सांगितलं नव्हतं. ते तिचं एकटीचं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. साखरेनं शिरा मेल्या, पायांपासून सुरुवात झाली असणार, हात नंतर. हे सहसा असं हळूहळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही.

"गेलेलं परत येईल?"

"आहे ते टिकवायचं बघू."

"म्हणजे नाही."

"म्हणजे गोळ्या वेळेवर घ्या," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तिनं ठरवलं, हात नाही तर नाही, डोळे आहेत. मीटर आहे. तरुण मॅडमनी तिला बाजूला घेऊन तेच सांगितलं होतं, समजूतदारपणे: हातानं तपासायचंच नसतं, ताई, कुणीच. रोज मीटर लावूया. आणि ती लावू लागली. प्लगच्या पिनेपासून पत्र्यापर्यंत, बोर्डापासून खड्ड्यापर्यंत. काटा दाखवी ते बरोबर असे. पंधरवडाभर तिला वाटलं, निभेल.

पण प्रयोगशाळा म्हणजे नुसतं तपासणं नव्हे. तारेचं वेष्टण सोलायचं, बारीक तंतू पिळून एक करायचे, पिनेच्या भोकात घालून स्क्रू आवळायचा. स्क्रू तारेला चावला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांना कळतं. एकही तंतू बाहेर राहिलेला चालत नाही. तो बोटाला टोचतो, म्हणून सापडतो. ती आता स्क्रू आवळी आणि पुन्हा आवळी, थांबायचं कुठं ते न कळल्यानं त्याचे आटे झिजवी, किंवा भीतीनं अलीकडेच सोडी.

परीक्षेच्या आधी तिनं काही नवे प्लग बसवून ठेवले. वायरमन चहाला आला होता. बोलता बोलता त्यानं एक प्लग उचलला आणि सवयीनं तार ओढून पाहिली. हिरवी तार सहज त्याच्या हातात आली.

तो बोलायचा थांबला नाही. मेव्हण्याच्या स्कूटरची कहाणी सांगता सांगताच त्यानं खिशातून पेचकस काढला, तार आत सारली, आवळली, आणि प्लग होता तिथं ठेवला. मग दुसरा उचलला.

"बघितलं मी," ताई म्हणाली.

"काय?"

"तार हातात आलेली."

"एखादी येतेच, ताई. माझ्या हातून काय कमी सुटतात?"

"हिरवीच होती ना?"

त्यानं हातातल्या प्लगचा स्क्रू आवळला. लाल सुटली असती तर पेटी चालली नसती, लगेच कळलं असतं. हिरवी सुटली तर काहीच होत नाही. पेटी चालते, काटा हलतो, मुलं आकडे लिहून घेतात, आणि तिची गरज पडेल तो दिवस येईपर्यंत सगळे निर्धास्त वावरतात. हे तीच तर शिकवत आली होती.

"मी रोज येऊन बघून जात जाईन," तो म्हणाला. "कुणाला कळायचं नाही."

"आणि तू रजेवर गेलास की?"

चहा गार झाला. दोघांपैकी कुणी तो प्यायला नाही.

विभागप्रमुखांकडे ती स्वतः गेली. त्यांनी खुर्ची दिली. "ताई, तुमच्याशिवाय प्रयोगशाळा म्हणजे कल्पनाच करवत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी कल्पना करायला फार वेळ घेतला नाही. नोकरी राहील, पगार राहील, काम बदलेल. चौकशीच्या खिडकीवर माणूस हवाच होता. ताईंचा स्वभाव बोलका, कामही बसून. तिनं आभार मानले. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहिली, कारण चप्पल पायात आहे की नाही हे आता पाहिल्याशिवाय तिला कळत नसे, आणि डोळे भरलेले असताना तेही दिसत नव्हतं.

*

खिडकीवर काम सोपं होतं. शुल्क पहिल्या मजल्यावर डावीकडे. दाखले दुपारनंतर. ती नीट सांगे. तिच्या जागी आलेला माणूस शिकलेला होता, कामसू होता, सगळं मीटरनं करी. त्याच्याविषयी वाईट बोलावं असं काही तिला सापडलं नाही, आणि तिनं शोधूनही पाहिलं होतं.

एकदा रांगेत चष्मेवाली उभी दिसली. तिचा नंबर आला तेव्हा तिनं आवाज खाली आणला.

"ताई, तुम्ही एकदा प्रयोगशाळेत येता का? दोन सप्लाय एकापुढे एक जोडायचा प्रयोग आहे. मला पुन्हा तसं वाटतंय."

ताई खुर्चीतून अर्धी उठली. "नव्या सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, मीटर बरोबर दाखवतंय."

"मग तू हात लावू नकोस. बटण बंद कर, आणि वायरमन येऊन बघेपर्यंत थांब. सर काही म्हणाले तर माझं नाव सांग."

मुलगी खिडकीच्या कठड्याकडे बघत राहिली.

"सांगितलं होतं, ताई. म्हटलं, ताई असत्या तर त्यांनी बंद केलं असतं. तर बाकीच्या मुली म्हणाल्या, ताईच म्हणाल्या होत्या ना तुला, भ्रम आहे म्हणून." मग घाईघाईनं म्हणाली, "मी नाही तसं म्हणत."

मागचा माणूस खाकरला. त्याला शुल्क कुठं भरायचं ते हवं होतं. ताईनं सांगितलं. मग फोन करून वायरमनला बोलावलं, आणि तो व्हरांड्यातून जाताना दिसेपर्यंत मुलीला खिडकीपाशीच थांबवून ठेवलं.

तो परत आला तेव्हा रांग संपली होती.

"काही नाही, ताई. मीटरनं बघितलं, टेस्टरनं बघितलं. पट्टी बरोबर, खड्डा बरोबर, काळी हिरवीला एकाच ठिकाणी जोडलीय. पोरीच्या मनात भीती बसलीय, दुसरं काही नाही."

"नक्की?"

"अगं, हात लावूनसुद्धा बघितला."

ताईनं त्याच्या हाताकडे पाहिलं. जाड, काळवंडलेली बोटं, नखांत तेल.

"तू साखर तपासलीस कधी शेवटची?"

तो हसायला लागला. मग हसू अर्ध्यावर राहिलं, आणि त्यानं तो हात, तिला दिसणार नाही असा, खिशात घातला.

"असं नको बोलूस, ताई," तो म्हणाला.

पोरीचं खरं असेल किंवा नसेल. आता ते तिला कधीच कळणार नव्हतं. कुणीतरी येऊन सांगेल, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागेल, एवढंच.

"मग ती प्रयोग करतेय का?" तिनं विचारलं.

"करतेय की. कुणाला काही बोलली नाही. बाही बोटांवर ओढून घेतलीन आणि बाहीनंच बटण फिरवतेय."

"तिला सांग, तसं करू नकोस म्हणावं," ताई म्हणाली. "बाहीतून काही कळत नाही."